दगडावरचे सात

२ जानेवारी २०२४
ग्रामपंचायतीने काम माझ्याच गळ्यात मारलं. निवृत्त सुभेदार म्हणजे रिकामा माणूस! चावडीपुढच्या जुन्या दगडावर एवढंच कोरलंय — पहिल्या महायुद्धाला या गावातून ५२ गेले, ७ कामी आले. नावं नाहीत. आता शेजारी नवा दगड बसणार. तेव्हापासून आजवर कामी आलेल्या सगळ्यांची नावं त्यावर, सव्वीस तारखेच्या आत.
पहिलं नाव आमच्या घरातलं, पणजोबा नाथाजी. शेवटचंही आमच्याच घरातलं. माझा अवधूत.

३ जानेवारी
सून भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, त्यांचं नाव घालायचं न्हाई." पूजा माझ्यापुढे कधी एवढं बोललेली नाही.
पाच वर्षं झाली. बर्फाचा कडा कोसळला. चौघे सापडले, अवधूत नाही. मृत समजावं असा पलटणीचा कागद आला, मी सही केली. ती अजून कुंकू लावते. मी बोलत नाही, पण चिडतो. फौजीच्या बायकोने असं करून कसं चालेल?

९ जानेवारी
घरोघरी हिंडलो. महायुद्धातली नावं आठ भरतात! दगड म्हणतो सात. कोणीतरी फुकटचा मान मिरवतंय.

११ जानेवारी
केरबातात्यांना यादी ओरडून वाचून दाखवली. नव्वदी झाली, कान गेलेत, आठवण शाबूत. हसले. "फुकटचा मान तुमच्याच घराचा हाय रं गड्या!"
त्यांच्या आईने सांगितलेलं. मेलेल्यांची मोजणी करायला साहेब आला, तेव्हा माझी पणजी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "आमचं मालक यायचं हाईत. मेल्यात धरू नगा." साहेबाने धरलं नाही. मरेपर्यंत तिने हिरवा चुडा उतरवला नाही.
म्हणजे ज्या दगडाला मी लहानपणापासून छाती काढून सलाम ठोकला, त्यात आमचा माणूसच नाही! काय हट्टी बाई! तिच्यापायी तो शंभर वर्षं बेवारशी राहिला. घरी येऊन पूजावर ओरडलो, "तूही तेच करणार!" नात रडायला लागली.

१२ जानेवारी
कशाला ओरडलो!

१९ जानेवारी
पूजा आपणहून पुढे आली. "आबा, घाला नाव. ओवी रोज इचारती, पप्पा कुठं हाईत. कुठंतरी हात लावून दाखवाय पायजे की."
कपाळ मोकळं होतं. मला बघवेना. जिंकलो म्हणायचं.

२१ जानेवारी
दहिवडीला गेलो. दगड कोरणाऱ्या अर्जुनाने एकेक नाव लिहून घेतलं. पहिलं नाथाजी. मग म्हणाला, "सुभेदार, शेवटचं ऱ्हायलं की. सांगा."
"ऱ्हाऊ दे," म्हणालो. "आमचं पोरगं यायचं हाय."