शांत आठवडा

प्रिय खारुताई,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. पाचच ओळी आहेत, पण इतक्या वेळा वाचल्या की आता पाठ झाल्यात. राग निवळला म्हणतेस. बाबा, तुम्ही शांत आठवड्याचा नियम पाळलात, तुमच्या जागी मी असते तर मीही पाळला असता, असं लिहिलंस. आणि शेवटची ओळ अशी की, आईला तरी ठाऊक होतं मला काही कळवलेलं नाही, म्हणजे तिच्या मनात माझ्याबद्दल काही राहिलं नसेल, एवढ्या एका आधारावर मी हे वर्ष काढलं. हे उत्तर त्या शेवटच्या ओळीला आहे. फोनवर मला जमलं नसतं. फोनवर मी हवापाण्याच्या गप्पा मारून मोकळा होतो, हे तुला माहीत आहे.

आधी इकडची बातमी. आमची शेड या महिनाअखेरीला बंद होतेय. उरलेल्या तीन गिऱ्हाइकांनीही आपले उपग्रह तुमच्या कंपनीकडे वळवले. आमच्या रॉकेटचा शेवटचा बूस्टर उपग्रह वर ढकलून समुद्रातल्या तराफ्यावर उतरला आणि परवा शेडमध्ये परत आला, काजळीने नखशिखान्त माखलेला. त्याची ही अकरावी फेरी. मी नेहमीसारखे त्याचे चारही पाय उघडले, आतली धक्का झेलणारी ॲल्युमिनियमची जाळी किती चेपली ते मोजलं. तिसऱ्या पायातली बोटभर जास्त चेपलीय, म्हणजे स्वारी जरा तिरकी टेकली असणार. फोरमन म्हणाला, आता हा कुठे उडणार आहे, कशाला डोळे फोडतोस? मी म्हटलं, मोजल्याशिवाय मला घरी जाववत नाही. तोही मग कुरकुरत टॉर्च धरून उभा राहिला. तुमचे लोक भलते पुढे गेलेत, हे आता मान्य करायला मला जड जात नाही.

दोन वर्षांपूर्वी मात्र फार जड गेलं होतं. शाळा सुटल्यावर तू शेडच्या पायरीवर बसायचीस आणि माझ्या खिशातले नट-बोल्ट पळवून दप्तरात साठवायचीस, त्यावरूनच तुला हे नाव पडलं. त्या पोरीने आमच्या हाताखाली शिकावं आणि ऐन वेळी पलीकडच्या कंपनीत जावं, याचा मला संताप आला. मी भांडलो असतो तरी परवडलं असतं. मी बोलणंच टाकलं. चौदा महिने आपल्यात अक्षर नाही. तुझी आई दर रविवारी तुझ्याशी बोलायची आणि मग स्वयंपाकघरातून मला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगायची की, तिला खोकला झालाय, तिला बढती मिळाली, तिच्याकडे बूस्टर उतरवायचं काम आलंय. मी वर्तमानपत्र आणखी उंच धरायचो.

शांत आठवडा तुला मी काय समजावणार? उड्डाणाच्या कामावरच्या माणसाला, मग तो नियंत्रण कक्षात कन्सोलवर बसणारा असो की शेडमधला, त्या आठवड्यात घरची वाईट बातमी द्यायची नाही, बूस्टर उतरेपर्यंत घरच्यांनी ती पोटात ठेवायची. दोन्हीकडच्या कंपन्यांत कुठेही न लिहिलेला, पण सगळ्या घरांनी पाळलेला हा नियम. तुझी आजी घसरून पडली, तिचं हाड मोडलं, तेव्हा तुझ्या आईने ते दोन दिवस माझ्यापासून लपवलं होतं, आणि मी तिचे आभार मानले होते. म्हणून मागच्या वर्षी त्या मंगळवारी आईला दवाखान्यात नेलं, तेव्हा तुला फोन न करण्यात मला काही वावगं वाटलं नाही. तुझं उड्डाण बुधवारी होतं. तुमच्या कंपनीचा पहिलाच बूस्टर उतरायचा होता आणि तो तू उतरवणार होतीस. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

बुधवारी वरच्या हवेत वारा जास्त म्हणून उड्डाण पुढे गेलं. गुरुवारी कुठलीशी झडप अडकली. शुक्रवारी एक मासेमारीची होडी बंदी घातलेल्या पाण्यात जाऊन निवांत बसली. एरवी या होडीवर आपण वर्षभर हसलो असतो. रोज सकाळी मी स्वतःला बजावायचो, आज नक्की होतंय, संध्याकाळी तिला सांगू. इथपर्यंतचं सगळं तुला ठाऊक आहे आणि तू ते माफही केलंस. शनिवारी सकाळी दहाला आई गेली. उड्डाण तीनला झालं. ते पाच तासही मी थांबलो, तिच्या खाटेशेजारच्या खुर्चीत बसून. तुमचं प्रक्षेपण मी फोनवर आवाज बंद करून पाहिलं. बूस्टर सरळ खाली आला आणि रेघ मारल्यासारखा तराफ्याच्या मधोमध टेकला. मग मी तुला फोन लावला. चौदा महिन्यांनी माझं नाव बघून तू हसत, धापा टाकत म्हणालीस, "बाबा, पाहिलंत ना?" मी म्हटलं, "पाहिलं." आणि मग पुढचं सांगितलं. त्या दिवसापासून मला शेडमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या तरी सहन होत नाही.

आता जे तुला ठाऊक नाही ते. गुरुवारी डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, ज्यांना बोलवायचं असेल त्यांना बोलवून घ्या. मी आत आलो तर आईने माझ्या तोंडाकडे पाहूनच सगळं ओळखलं. ती स्पष्ट म्हणाली, "तो तुमचा नियम ठेवा गुंडाळून. पोरीला बोलवा." मी फोन घेऊन जिन्यात गेलो. तुझा नंबर काढला. तुमच्या कन्सोलवर निरोप पोचवायची सोय असते, एका वाक्यात तू निघाली असतीस. पण मला वाटलं, तू माझा निरोप ऐकूनच घेतला नाहीस तर? किंवा आलीस आणि बूस्टर समुद्रात गेला, तर सगळे म्हणतील, पलीकडच्या कंपनीतल्या बापाने बरोबर मोका साधला. आणि खरं सांगायचं तर तुझा आवाज ऐकायची मला भीती वाटली. चौदा महिन्यांनंतर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते सुचेना. पंधरा मिनिटं मी जिन्यात उभा राहिलो आणि तसाच परत आलो. आईने विचारलं, झाला का फोन? मी म्हटलं, झाला. काय म्हणाली? मी म्हटलं, तिचा पाय निघत नाहीये, बूस्टर उतरला की लगेच येते म्हणाली. खारुताई, हे वाक्य मी तुझ्या तोंडी घातलं. तू ते कधीच बोलली नव्हतीस.

म्हणजे तुझी आई दोन दिवस हेच धरून होती की तुला कळलंय आणि तू थांबलीयस. शुक्रवारी होडीमुळे उड्डाण पुन्हा लांबलं, तेव्हा ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेव्हाही मी खरं बोललो नाही. मी वर्षभर गप्प राहिलो आणि तुझं पत्र आल्यावर आणखी गप्प राहता आलं असतं. तुझा तो एक आधार काढून घ्यायचं पाप मी का करावं, असा चार दिवस विचार केला. पण शनिवारी सकाळी तिने तुझ्यासाठी एक निरोप दिला होता, आणि तो माझं खोटं उघडं केल्याशिवाय मला तुला देता येत नव्हता. म्हणून हे पत्र. ती म्हणाली, "ती आली की स्वतःला खात बसेल. तिला म्हणावं, मी रागावले नाही. थोडं वाईट वाटलं, पण रागावले नाही." मधलं वाक्य मला गाळता आलं असतं. पण तिला वाईट वाटलं ते माझ्यामुळे, तू त्यात कुठेच नव्हतीस, आणि निरोप तुझा आहे. तिने दिला तसाच पाठवतोय. मला माफ केल्याचं तू लिहिलंस, ते मी अजून घेतलेलं नाही.

तुझाच,
बाबा