वर्नाच्या हाताखाली

८ जानेवारी, सोमवार

गाडीचं दार गोठलं! ओढलं, लाथ मारली, देवाचं नाव घेतलं — उघडेना. शेवटी डिकीतून आत शिरले आणि सीटांवरून रांगत स्टिअरिंगपाशी पोचले. उत्तरेकडच्या या डुलुथ शहरातला माझा पहिला दिवस हा असा.

एजन्सी पाठवेल तिथं जाणाऱ्या माझ्यासारख्या फिरत्या नर्सचं स्वागत सगळ्या हॉस्पिटलांत सारखंच. "ट्रॅव्हलर ना? किती दिवस?" तेरा आठवडे म्हटलं, की पुढे नाव विचारायचे कष्ट कुणी घेत नाही. तेरा आठवड्यांसाठी कोण नाव पाठ करणार! इथं मात्र वर्ना कोस्केला भेटली. हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमधली सगळ्यांत जुनी स्क्रब नर्स — म्हणजे डॉक्टरांना टेबलाशी अवजारं देणारी. साठी उलटलेली, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, नजर मात्र हेडमास्तरणीची. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "नाव काय तुझं? मार्नी? बरं. मार्नी, माझ्या टेबलावर न विचारता हात घातलास तर बोटं छाटीन."

नाव विचारलं! तेवढ्यावरच मला आवडली.

११ जानेवारी

इतकं शांत थिएटर मी जन्मात पाहिलं नाही. बाकीकडे डॉक्टरांची कर्कश गाणी, भूलवाल्यांच्या फुटबॉलच्या गप्पा, कुणी ना कुणी कुणावर ओरडतंय. इथं गाणं नाही, गप्पा नाहीत. सर्जन डॉ. एनगेन सगळं हातानं मागतात. दोन बोटं उघडमीट — कात्री. चिमूट — सुई. मूठ — थांबा. मागायची वेळही क्वचितच येते, कारण त्यांचा हात पुढे येतो तोवर वर्नानं हवी ती वस्तू त्यात ठेवलेली असते. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांच्याआधी हिला कळतं! ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवणारा डेल, तोसुद्धा मशीन सुरू झालं की नुसता अंगठा वर करतो.

"तुम्ही बोलत का नाही रे?" जेवणाच्या सुट्टीत मी डेलला विचारलं.

"आम्ही उत्तरेची माणसं," तो म्हणाला. "तोंड उघडलं की ऊब बाहेर जाते."

हसता हसता सूप नाकात गेलं. आठ वर्षं बॅग घेऊन हिंडतेय, पण अशी एकजीव माणसं कुठं दिसली नव्हती. हेवा वाटला. खरंच वाटला.

१९ जानेवारी

वर्ना आज म्हणाली, "हात बरा आहे तुझा." डेल सांगतो, याच्या वरचं सर्टिफिकेट तिनं आजवर कुणाला दिलेलं नाही. मी दिवसभर हवेत!

२७ जानेवारी, शनिवार

वर्नाच्या घरी जेवायला. आधी परसातल्या लाकडी साऊनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या खोलीत, मला अर्धीअधिक शिजवली. "काय गं, ट्रॅव्हलर लोकांना घाम येत नाही वाटतं? बस अजून!" मग वाइल्ड राइसचं सूप आणि वेलची घातलेला, वेणीसारखा विणलेला पाव. नवरा गेल्यापासून एकटीच राहते. सोबतीला ओट्टो, हा एवढा थोरला कुत्रा.

जेवणानंतर तिनं चहाला पाणी ठेवलं आणि पाठ करून पाव कापायला घेतला. किटलीनं शिट्टी मारली. कानठळ्या बसल्या माझ्या! वर्ना आपली पाव कापतेच आहे. मग ओट्टो उठला, तिच्या पोटरीला नाक लावलं, तेव्हा तिनं वळून गॅस बंद केला. काय गुणाचा कुत्रा, असं आधी वाटलं. आणि मग शंका आली.

मागून म्हणाले, "वर्ना, घराला आग लागलीय." काही नाही. जरा मोठ्यानं — "वर्ना, तुझा पाव साबणासारखा लागतो." शांतपणे पाव कापत राहिली! एरवी हे ऐकून तिनं सुरीच फेकली असती.

समोर जाऊन बसले, तर म्हणाली, "लोणी लाव जास्त. हाडं दिसताहेत." समोर बसलं, ओठ दिसले, की तिला सगळं कळतं.

थिएटरमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तिथं कुणाचे ओठ वाचणार?

२८ जानेवारी

म्हणजे ती डॉक्टरांच्या एक पाऊल पुढे असते, कारण मागे राहणं तिला परवडणारंच नाही. अख्खं ऑपरेशन तोंडपाठ. त्यांच्या हातांवरची नजर हलवत नाही. आणि एकालाही पत्ता नाही! मला हसू आलं, मग रडू आलं.

सांगायला हवं. पण तिच्या हातून चूक झालेली मी पाहिलेली नाही. मी चार दिवसांची पाहुणी. आणि खरं सांगायचं तर — जीव जडलाय माझा म्हातारीवर. आठ वर्षांत मला "लोणी लाव" म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. गप्प बसते.

१४ फेब्रुवारी

वर्नानं सगळ्यांसाठी बदामाच्या आकाराची बिस्किटं आणली. डॉ. एनगेननी एक उचलून उजेडात धरलं. "हृदय असं नसतं, वर्ना. वरच्या नळ्या कुठायत?" वर्ना म्हणाली, "खायचंय का शिवायचंय?" डेलनं चार खाल्ली आणि पाचवं खिशात घालताना पकडला गेला.

५ मार्च, मंगळवार

आज.

शाळेची बस चालवणारा माणूस, साधं बायपास. मी वर्नाच्या शेजारी, मदतीला. सगळं सुरळीत चाललेलं, आणि महाधमनीत जिथं मशीनची नळी बसवली होती तिथं फाटलं. एकदम! डॉ. एनगेननी एका हाताचं बोट भोकावर दाबलं, दुसऱ्या हातात हृदय सावरलेलं. दोन्ही हात अडकले. म्हणून त्यांनी तोंडानं मागितलं — "टाका! पॅडचा टाका!"

वर्ना त्यांच्या हातांकडे बघत होती. हात हलत नव्हते. ती कात्री घेऊन उभी, पुढची पायरी कात्रीची होती म्हणून. ते पुन्हा ओरडले. ती उभीच. रक्त त्यांच्या कोपरापर्यंत आलं.

मी तिच्या पुढ्यातून हात घातला, पॅड ओवलेला सुई-दोरा उचलला आणि दिला. त्यांनी हृदय सोडून त्या हातानं शिवलं. रक्त थांबलं. माणूस वाचला.

वर्नानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत. बोटं छाटायची गोष्ट केली नाही. मास्कच्या वर ते डोळे — मला नाही लिहिता येत.

६ मार्च

बस ड्रायव्हरला बघायला वर गेले. एरवी जात नाही मी. कॉफीसाठी नर्सशी भांडत होता. म्हणाला, "सगळं नीट पार पडलं ना?" मी "हो" म्हणाले. जिन्यात येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. पुढचा माणूस वाचला नाही, तर त्याला काय सांगणार? की आमची वर्ना फार गोड आहे हो?

७ मार्च

तिच्या स्वयंपाकघरात, समोर बसून बोलले. ओठ नीट दिसतील असं.

"किती वर्षं झाली?"

ती ओट्टोला खाजवू लागली. "सहा-सात. आधी पक्ष्यांचे आवाज गेले, मग फोनचे. थिएटरमध्ये मात्र मला काही कमी पडलं नाही, पोरी. ते थिएटर इतकं माझं आहे, की मला ऐकावंच लागत नाही. डॉक्टर, डेल, मी — आम्ही तसे झालोत. घासून घासून. तू पाहिलंस ना?"

"परवाचंही पाहिलं."

तिनं ओट्टोवरचा हात काढला.

"यंत्र का नाही लावलंस कानात?"

"लावलं की सगळ्यांना कळलं. मग काय, स्टोअरमध्ये चादरींच्या घड्या घालत बसू?"

"वर्ना, तू सांग. नाहीतर मला सांगावं लागेल."

ती उठली. "पाव घेऊन जा जाताना," म्हणाली, आणि माझ्याकडे पाठ केली. पाठ केल्यावर मी काय बोलणार? तिला ऐकूच येणार नाही, हे दोघींनाही माहीत.

८ मार्च, शुक्रवार

सांगितलं तिनं! कॉफीच्या खोलीत, डॉक्टर, डेल आणि माझ्यासमोर. ताठ उभी राहून. "मला ऐकू येत नाही. सहा-सात वर्षं झाली. मंगळवारचं माझ्यामुळं."

डॉ. एनगेन कपात बघत राहिले. डेल बुटांकडे. मग डॉक्टरांनी मान वर करून, ओठ दिसतील असं, हळू म्हटलं, "वर्ना, आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझ्या कानांचं. म्हणून तर मी हातवारे करतो. म्हणून गाणी बंद केली. तू रजेवर होतीस तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं. तुला कळू द्यायचं नाही, असं."

मी सुटकेनं हसलेच! वेडी कुठली. मग वर्नाचा चेहरा पाहिला.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी चांगली नव्हते. तुम्ही चांगले होतात."

तिनं कोट घेतला आणि गेली.

डॉक्टर दाराकडे बघत म्हणाले, "तिचं मन राखलं. टेबलावरच्या माणसाला विचारलंच नाही मी."

१५ मार्च

वर्ना रजेवर. संध्याकाळी घरी गेले. आत दिवा, ओट्टो भुंकतोय, दार बंद. ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश भांड्यासकट पायरीवर ठेवून आले. सकाळी घासूनपुसून रिकामं भांडं माझ्या गाडीच्या बॉनेटवर. चिठ्ठी नाही, काही नाही. पण खाल्लं तरी!

थिएटरमध्ये आता सगळे बोलतात. गाणीही लावतात. मला सहन होत नाही.

२२ मार्च

आली! दोन्ही कानांत यंत्रं. कॉफीच्या खोलीत खुर्ची ओढून बसली. डेल कप विसळत काहीतरी गुणगुणत होता.

"डेल," वर्ना म्हणाली, "तू गातोस?"

"नेहमीच."

"इतकी वर्षं? इथं कॉफी पिताना, माझ्या शेजारी?"

"हो की."

"मग देवानं मला बहिरं केलं ते दयाळूपणेच केलं म्हणायचं!"

सगळे पोट धरून हसलो. डॉक्टर डोळे पुसत होते. पण ती थिएटरच्या दारापर्यंतसुद्धा आली नाही. राजीनामा द्यायला आली होती.

जाताना डॉ. एनगेन मला म्हणाले, "तिच्या जागी राहशील? कायमची?" एजन्सीनं मला ॲरिझोनात टूसानची जागा दिलेली आहे. ऊन, निवडुंग, गोठलेली दारं नाहीत. विचार करते म्हणाले. मी आणि विचार! मी तर नेहमी आधी बॅग भरते.

१ एप्रिल

टूसानला नाही म्हणाले. इथंच राहते. आईला फोनवर सांगितलं, तर तिला वाटलं मी एप्रिल फूल करतेय.

५ एप्रिल

एजन्सीतल्या ब्रँडी नावाच्या बाईचा फोन. मी सोडलेली टूसानची जागा भरली म्हणे. साठीच्या पुढची बाई, पहिल्यांदाच फिरतीवर निघालीय, तुमच्याच हॉस्पिटलातली, ओळखतेस का?

धावतपळत वर्नाकडे. गाडी भरलेली, ओट्टो पुढच्या सीटवर.

"कानांचं सांगितलंस त्यांना?"

"सगळ्यात आधी."

"वेड लागलंय का तुला? या वयात? तिथं तुला ओळखणारं एक माणूस नाही!"

"म्हणूनच तर," वर्ना म्हणाली. "तिथं माझ्यावर कुणाचा जीव नाही, पोरी. मी चांगली आहे की नाही, ते तिथंच कळेल."