दादाच्या रिंगा

प्रिय दादा,

वाचायला बसशील तेव्हा प्रेस बंद कर आणि रबराने काळे झालेले हात आधी धुऊन घे. घाईने वाचून संपवण्यासारखं यात काही नाही. खिडकीशी बस, निवांत वाच.

माझं इकडे बरं चाललंय. कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलंय आणि त्यातला मालाच्या तपासणीचा भाग लावून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दारात आलेला कुठला माल थांबवायचा, त्यातले किती नग काढून बघायचे, दोष निघाला तर त्याला काय नाव द्यायचं, आणि मग तो माल परत धाडायचा, दुरुस्त करून घ्यायचा की भंगारात टाकायचा, हे सगळं आधी ठरवून त्यात भरून ठेवायचं. तू म्हणशील, बारकीला लहानपणापासून दुसऱ्यांच्या चुका काढायची हौस होतीच, आता तिला त्याचा पगार मिळतोय.

दोषांची नावं ठरवताना मात्र माझं डोकं उठलं. जुन्या पद्धतीत यादीच्या शेवटी ‘इतर’ असा एक दोष होता. तडा असो, खड्डा असो, माप चुकलेलं असो, सगळे आपले ‘इतर’वर बोट ठेवून मोकळे. मी ‘इतर’ काढून टाकलं. त्या दिवसापासून स्टोअरवाले काका माझ्याशी तोंड वाकडं करूनच बोलतात. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आता जेवणात मीठ कमी पडलं तरी आधी नाव शोधायचं आणि मगच तक्रार करायची. मलाही हसू आलं, पण ‘इतर’ काही मी परत आणलं नाही.

आणखी एक नियम मी त्यात लावलाय. ज्याचा माल वर्षानुवर्षं चांगला आलाय, त्याच्या मालाची तपासणी वगळायची, गाडी आली की माल थेट आत. सॉफ्टवेअरने जुन्या नोंदी चाळून अशा लोकांची यादी काढली आणि सगळ्यात वर तुझं वर्कशॉप. इतका आनंद झाला म्हणून सांगू. साहेबांना मी लगेच सांगितलं की हा माझा सख्खा भाऊ आहे, हवं तर ही यादी दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. ते म्हणाले, नोंदी काय तुम्ही घरी बसून लिहिल्यात का? राहू दे नाव.

तुझी नजर आहेच तशी. मी शाळेत असताना पायात काच गेली होती, आठवतं? सगळ्यांनी बघितलं, कुणाला काही दिसेना, सगळे म्हणाले नाटक करते. तू मला पायरीवर बसवलंस, माझा पाय मांडीवर घेतलास आणि सुईच्या टोकाने तो कण अलगद काढून माझ्या तळहातावर ठेवलास. मला तर तो तळहातावर ठेवल्यावरही दिसत नव्हता. पुढे रबरी रिंगा बनवायचा प्रेस टाकलास तेव्हाही तुझं एकच, शेवटची नजर माझी. प्रत्येक रिंग उजेडात धरून, कडेचं जास्तीचं रबर स्वतः छाटायचं, दुसऱ्या कुणाला ते काम द्यायचं नाही.

मागच्या खेपेला मी घरी आले होते, तेव्हा तुझ्या सदऱ्याची बटणं एक घर सोडून लागली होती. वहिनीने ती हसत हसत नीट केली, पण हसताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. आणि तू छाटायला बसलास तेव्हा रिंग उजेडात धरत नव्हतास. अंगठा फिरवून बघत होतास. मी विचारलं तर म्हणालास, चष्म्याचा नंबर जरा वाढलाय, बाकी काही नाही. विषय बदलण्यात तू पहिल्यापासून पटाईत. निघताना माझ्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळासाठी मूठभर रिंगा हातावर ठेवल्यास आणि म्हणालास, आयुष्यभर बघायला नको.

दादा, नळ गळतच राहिला. मी एक रिंग बदलली, मग दुसरी. मग उरलेल्या रिंगा ऑफिसात नेऊन तपासणीच्या भिंगाखाली धरल्या. आतल्या कडेला रबराची पातळ पाकळी तशीच होती, जवळजवळ प्रत्येकीला. माझा नळ गळला तर खाली भांडं ठेवता येतं. पण आमच्याकडे तुझ्या रिंगा दवाखान्यातल्या ऑक्सिजनच्या रेग्युलेटरमध्ये बसतात.

त्या दिवशी मी जेवले नाही. तुला फोन करायला घेतला आणि ठेवून दिला, कारण तू परत चष्म्याच्या नंबरचंच सांगितलं असतंस आणि मी परत मान डोलावली असती. मग मी तुझं नाव त्या यादीतून काढलं. काढताना सॉफ्टवेअर कारण विचारतं, कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. तो नियमही माझाच, कुणी मनमानी करू नये म्हणून केलेला. त्या रिकाम्या चौकटीसमोर मी किती वेळ बसून होते. शेवटी लिहिलं, ‘घरी वापरलेल्या नमुन्यात दोष आढळला.’ खोटं लिहिलं नाही, आणि तुझं गुपितही लिहिलं नाही.

आज सकाळी तुझा माल आला. तपासनीस बाईंनी नग काढले, मी लांब उभी राहिले. पहिल्या काही रिंगा चांगल्या निघाल्या तेव्हा वाटलं, उगाच आपल्या मनाने घेतलंय. मग एकेक बाजूला पडायला लागली, आणि बाईंनी भिंगावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माल भंगारात जाणार नाही, छाटून घेण्यासाठी तुझ्याकडे परत येईल. तुझं कामही कुणी काढून घेतलेलं नाही. इथून पुढे तुझा प्रत्येक माल तपासला जाईल, आणि काही खेपा सलग चांगल्या आल्या की तुझं नाव आपोआप पुन्हा यादीत जाईल. तो नियम सगळ्यांना सारखाच आहे. पण छाटायला आता दुसरं माणूस बसव. मला तुझा राग येत नाहीये, भीती वाटतेय. रविवारी मी येतेय, सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, आणि तुला तिथे हाताला धरून न्यायची माझी तयारी आहे.

माल नाकारल्याची सूचना उद्या सकाळी तुझ्या मोबाइलवर येईल, दोषाच्या नावासकट, खाली माझं नाव, सगळं बारीक अक्षरात. ती तू वहिनीपुढे धरशील आणि म्हणशील, वाच गं, चष्मा सापडत नाहीये. हे तुला तसं कळायला नको होतं. म्हणून तुझा माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्या हाती हे पाकीट देतेय. ते एवढं जाड का, ते उघडल्यावर कळलंच असेल. मार्करने लिहिलंय, एका पानावर चार-पाच ओळीच बसल्यात, तुला एकट्याला, कुणाला न विचारता वाचता यावं म्हणून. इथपर्यंत स्वतः वाचत आला असशील तर मी येईपर्यंत स्वस्थ बस. आणि ही एवढाली अक्षरंही लागत नसतील, तर लपवू नकोस, वहिनीला हाक मार. तिला केव्हाच कळलंय, ती तुझ्या हाकेची वाट बघतेय.

तुझीच,
बारकी