डागताना तो ओरडला नाही

बाबा, तुमची सळई मी पुन्हा तापवली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून ती गोठ्याच्या आढ्यात खोचलेली होती. या वेळी बैल नव्हता, कुत्रा होता. मुलीची बदली झाली तेव्हा तिने तो पुण्याहून आमच्याकडे आणून सोडला. डॅशहुंड म्हणतात त्या जातीला. अंग हातभर लांब, पाय मात्र चार बोटांचे. शेजारचा म्हणाला, "काऊन बे, हे कुत्रं हाय का मुंगूस?" सगळे हसले, मीही हसलो. आमच्या उंच ओट्यावरून तो दिवसातून दहादा उडी मारायचा आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. एवढ्या लांब पाठीच्या कुत्र्याला उडी मारू द्यायची नसते, हे मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी त्याने उडी मारली आणि त्याचे मागचे पाय उठलेच नाहीत.

मला लगेच तुम्ही आठवलात. रविवारी सकाळी आपल्या अंगणात कंबर गेलेले बैल यायचे, सुलतानपूरहून, साखरखेर्ड्याहूनसुद्धा. मी दोरी धरायचो, तुम्ही लाल झालेली सळई त्यांच्या कंबरेवर टेकवायचात. जनावर हंबरायचं. मी आठ वर्षांचा असताना पोटदुखीसाठी माझ्या बेंबीशेजारीही तुम्ही ती टेकवलीत, तेव्हा मीही तसाच ओरडलो होतो. क्वचित एखादा बैल गप्प राहायचा. मग तुम्ही सळई खाली ठेवून हात जोडायचात. "ओरडला नाही, म्हंजे याचं दुखणं देवानं घेतलं."

बायको म्हणाली, "अहो, तो का बैल हाय? दवाखान्यात न्या त्याले."

"बाबानं किती बैल उभे केले, तुले काय माहीत?"

"उभे राह्यले तेवढेच सांगता तुम्ही. नाही उठले ते कुठी गेले?"

मी सळई विस्तवात आणखी आत सरकवली. न उठलेले बैल गाडीत घालून मंगळवारच्या बाजारात खाटकाकडे जायचे. दोरी धरून मीच गाडीत त्यांच्याजवळ बसायचो.

मी डाग दिला. कुत्रा ओरडला नाही, मान वळवून माझं मनगट चाटत राहिला. गुरुवार होता, माझा उपास होता. मी हात जोडले. मग तुमच्या नियमाप्रमाणे पाच दिवस त्याला जागचं हलवलं नाही. सहाव्या दिवशी डाग चिघळला, अंगाखालचं पोतं ओलं झालेलं आणि वास सुटलेला. तेव्हा कुठे आम्ही दोघं त्याला अकोल्याला घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. तो माझ्याकडेच बघत होता. "काका, याला दुखतच नाही," त्या म्हणाल्या. "मणक्यातली गादी सरकून नस दाबली गेलीय. पहिल्या दिवशी आणला असता तर काही करता आलं असतं."

म्हणजे तुमचे ते गप्प बैल! देवाने काही घेतलं नव्हतं, बाबा. त्यांना कळतच नव्हतं. तुम्हाला कळत होतं का? मंगळवारी त्यांची दोरी माझ्या हातात देताना तुम्ही कधी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून विचारतो.

आता दिवसातून तीनदा मी त्याचं पोट दोन्ही हातांनी हलकेच दाबून लघवी काढतो. जुन्या लुगड्याची पट्टी पोटाखाली घालून मागचा भाग उचलून धरतो, मग पुढच्या दोन पायांवर तो अंगणभर हिंडतो आणि भुंकतोसुद्धा. तो पडून असला की दर थोड्या वेळाने त्याची कूस बदलून देतो. डाग भरत आला आहे, पण तिथे केस येणार नाहीत. मध्ये शेगावला गेलो, दर्शनाच्या रांगेत उभा राहिलो, पण त्याच्यासाठी काही मागता आलं नाही. माझे हात एकदा जोडून झाले होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, बायकोलाही दाखवायचं नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डागाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "वडिलांनी."

"त्यांना सांगा, पुन्हा कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही."

"सांगतो," मी म्हणालो.

बायको शेजारीच उभी होती. तिने कुत्रा माझ्या हातातून काढून स्वतःकडे घेतला.