प्रेरणाच्या टाकीवरचा तिसरा दिवा

मी, पुंजाराम मुंजाबा शिंगाडे, वय वर्षे छप्पन्न, माध्यमिक शाळेत संस्कृतचा शिक्षक, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, पूर्ण शुद्धीवर असून व चहाखेरीज कशाच्याही अमलाखाली नसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे.

मिळकतीकडे वळण्यापूर्वी एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. समोरच्या इमारतीतले श्री. सखाराम वाघमोडे हे गेली तीन वर्षे आमच्या घराचा उल्लेख ‘परमिट रूम’ असा करतात. कारण एवढंच, की संध्याकाळी आमच्या हॉलच्या खिडकीतून निळा उजेड दिसतो. मी भाजी घेऊन परतताना ते गॅलरीतून विचारतात, “सर, आज बार उशिरा उघडला?” एका कुरिअरवाल्याला त्यांनी आमचा पत्ता याच शब्दांत सांगितला आणि तो बिनचूक दारात आला, हे मला अधिक लागलं. हा परिच्छेद काढून टाका, असं माझ्या वकील ॲड. तनुजा यांनी सुचवलं. तनुजा माझी जुनी विद्यार्थिनी आहे. नको तो भाग गाळण्याची तिची सवय मला नववीपासून ठाऊक आहे. परिच्छेद राहील. श्री. सखाराम हेच माझे एक साक्षीदार असून, साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, ही कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद आहे.

१. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. ती येत्या मंगळवारी बदलणार आहेत. काळजीचं कारण नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते दोनदा म्हणाले, तेव्हापासून मला काळजी लागली आहे. म्हणून हे लेखन.

२. राहता फ्लॅट, भविष्यनिर्वाह निधी, बँकेतल्या ठेवी व स्कूटर हे सर्व माझी पत्नी सौ. रत्नमाला हिच्याकडे जाईल. ती टपाल खात्यात आहे, माझ्याहून नीटनेटकी आहे, आणि यातलं बरंचसं आजही तिच्याच ताब्यात आहे. मी फक्त कागदावर आणतो आहे. संस्कृतची पुस्तकं शाळेला द्यावीत. शाळेने ती कुलूप लावून ठेवू नयेत. लावतील, तरी लिहून ठेवतो.

३. माझी एकुलती एक मुलगी चि. प्रेरणा, वय तेवीस. ती स्वमग्न आहे. बोलते फार थोडं. ‘पाणी’, ‘नको’, ‘चल’ असे सात-आठ शब्द, आणि तेही मनात आलं तर. या मृत्युपत्रातली बाकीची सगळी कलमं हिच्यासाठी आहेत. घाईत असलेल्यांनी थेट इथून वाचायला सुरुवात केली असती तरी चाललं असतं.

४. हॉलमधली दोन फुटी काचेची टाकी, तीतलं खारं पाणी, दोन केशरी मासे आणि प्रवाळ. ही मिळकत प्रेरणाची आहे व आधीपासूनच होती. ज्या शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं हॉलमध्ये समुद्र पाळणारा माणूस शुद्धीवर कसा, अशी शंका कोणी काढल्यास उत्तर असं: प्रेरणा अठरा वर्षांची असताना आम्ही सोमनाथच्या माशांच्या दुकानासमोरून जात होतो. तिथं अशी एक टाकी होती. प्रेरणा तिच्यासमोर उभी राहिली आणि पाऊण तास हलली नाही. हात चावले नाहीत, कान झाकले नाहीत. रत्नमाला मला म्हणाली, “अहो, हिचे खांदे बघा. खाली आलेत.” आम्ही तिचे खांदे खाली आलेले कधी पाहिलेच नव्हते.

प्रवाळ हा शब्द मी तीस वर्षं शिकवला. अंगठीतला लाल खडा, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. तो जिवंत असतो, हे मला सोमनाथने शिकवलं. त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला त्यातलं भाडं देतं. म्हणजे उजेड चुकला की भाडेकरू पळतो आणि मालक पांढरा पडून मरतो. आमचे प्रवाळ टाकीत वाढवलेले आहेत, समुद्रातून तोडलेले नाहीत. पावत्या कपाटातल्या निळ्या फाईलमध्ये आहेत. हे कोणी विचारलेलं नाही. पण विचारतील, अशी मला भीती वाटते.

५. दिव्यांविषयी. टाकीवर आजवर तीन एलईडी दिवे बसले. पहिला मी फुशारकीने घेतला. दुकानातला सगळ्यात ताकदवान होता. पहिल्याच दिवशी पूर्ण उजेडावर लावला. पाचवीच्या मुलाला पहिल्या तासाला व्याकरणाचं भाष्य वाचायला लावावं, तसा. आठ दिवसांत प्रवाळ आकसले, एक पांढरा पडला. शिवाय दिव्याला थंड ठेवायला आत पंखा होता, तो घूं घूं करायचा. प्रेरणा कानांवर उशी धरून बसायची. तो दिवा परत केला. सोमनाथ म्हणाला, “सर, मैं बोला था, छोटी टाकीला एवढा नको.” तो असं काही म्हणाला नव्हता. पण मी वाद घातला नाही.

६. दुसरा दिवा मी अभ्यास करून घेतला, आणि माझ्या हातून आयुष्यात जे सर्वांत वाईट घडलं ते या कलमात आहे.

चार महिने मी वाचलं. प्रवाळाला उपयोगी पडणारा उजेड मोजायचं एक माप असतं. टाकीच्या तळाशी किती, मध्ये किती, याचे आकडे मी दोन वह्यांत उतरवले. निळा किती, पांढरा किती, सकाळ कशी हळूहळू व्हावी, संध्याकाळ कशी मावळावी. शेवटी बिनपंख्याचा, आवाज न करणारा, मंद-तेज करता येणारा दिवा निवडला. वीस टक्क्यांपासून सुरू करून पाच आठवड्यांत पस्तिसावर आणला. प्रवाळ असे उमलले की सोमनाथने फोटो काढून दुकानात लावला. मी शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना ते सांगितलं.

प्रेरणा मात्र टाकीसमोर बसेना. पाठ करून बसू लागली. मनगट चावू लागली. मग तिने बाथरूममधला टॉवेल आणून दिव्यावर टाकायला सुरुवात केली. दिवसातून पाच वेळा, सहा वेळा. दर वेळी मी टॉवेल काढला. प्रवाळ मरतील, असं तिला समजावलं. नंतर रागावलो. शेवटी दिव्याच्या चौकटीभोवती मी तारेचं उंच कुंपण बांधून टाकलं, टॉवेल दिव्यापर्यंत पोचूच नये असं. त्या दिवशी ती जेवली नाही. वय आहे, कंटाळा आहे, हवामान आहे, असं मी ठरवलं. तिच्या डॉक्टरांना मी जे सांगितलं त्यावरून त्यांनी तिची शांत राहण्याची गोळी वाढवली. चूक त्यांची नाही. मी सांगितलं तेच चुकीचं होतं. गोळीने ती दिवसा झोपू लागली. घर शांत झालं. हे दोन महिने चाललं.

७. माझा धाकटा भाऊ रामेश्वर याच्यावरचा राग. ही मिळकत वडिलोपार्जित नाही, स्वकष्टार्जित आहे. तपशील: आमच्या आईच्या, बानाबाईच्या, दहाव्याला चार लोकांत रामेश्वर मला म्हणाला, “दादा, पोरीला आमच्याकडं ठेव. मेंढरांत राहील, बोलती व्हईल.” तेव्हा प्रेरणा तीन वर्षांची होती. तो बिडकीनकडे गावी मेंढरं राखतो. मी शिकून शहरात आलेलो, सभेत श्लोक म्हणणारा. मला वाटलं, तो माझ्या मुलीला मेंढरांत मोजतो आहे. त्यानंतर एकोणीस वर्षं मी गावी गेलो नाही. त्याच्या मुलाच्या लग्नालाही, शाळेची परीक्षा आहे, असं कळवलं. परीक्षा नव्हती.

मागच्या वर्षी तो दवाखान्याच्या कामाला शहरात आला आणि घरी उतरला. शालूला, म्हणजे त्याच्या बायकोला दाखवायला म्हणून त्याने मोबाईलवर माशांचा व्हिडिओ काढायला घेतला. मोबाईल डोळ्यांसमोर, मग लांब, परत डोळ्यांसमोर. मला वाटलं, त्याला जमत नाही.

“दादा,” तो म्हणाला, “ह्यो दिवा फडफडतोय.”

मी म्हणालो, दिवा अगदी स्थिर आहे, चार महिन्यांचा अभ्यास आहे.

“डोळ्याला नाय दिसत. हितं बघ.”

मोबाईलच्या पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकत होते. मी उजेड शंभर टक्के केला, पट्टे गेले. परत पस्तिसावर आणला, आले. सोमनाथला फोन केला, तेव्हा उलगडा झाला: त्या जातीचा दिवा मंद करायचा म्हणजे तो सेकंदात शेकडो वेळा बंद-चालू होतो. तुमच्या-माझ्या डोळ्यांना ते कळत नाही. काहींना सोसत नाही.

रामेश्वरने तारेकडे पाहिलं, मग दिव्याकडे. रत्नमालाने त्याला टॉवेलची गोष्ट सांगितली. तो मला बोल लावेल, असं वाटलं. तो एवढंच म्हणाला, “लेकरू सांगत व्हतं की.”

मी पक्कड आणून तार कापली. सबब सदर राग मी आजपासून संपूर्णपणे रद्दबातल ठरवतो. त्यावर माझ्या वारसांपैकी कोणाचाही हक्क राहणार नाही. परीक्षा नव्हती, हे रामेश्वरला सांगायचं राहिलं आहे. या कलमाने सांगितलं असं समजावं. रत्नमाला म्हणते, त्याला तेव्हाच कळलं होतं.

८. तिसरा दिवा आज टाकीवर आहे. तो मंद करताना खरोखर मंद होतो. तोही कधीतरी बंद पडेल. तेव्हा जो कोणी नवा घेईल त्याने माझ्या वह्या वाचू नयेत. बिनपंख्याचा घ्यावा. दुकानातच तो पस्तीस टक्क्यांवर लावून मोबाईलमधून पाहावा; पट्टे दिसले तर तिथंच ठेवून यावं. घरी आणल्यावर वीसपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला थोडा वाढवावा. सकाळी अकराला निळा उगवतो, रात्री आठला मावळतो. मावळताना प्रेरणा जेवते. ताट तेव्हाच वाढावं. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. आणि या सगळ्याच्या आधी प्रेरणाला नव्या दिव्यासमोर बसवावं. ती उठून गेली, तर तो दिवा नको. कारण विचारू नये. प्रवाळ मेले तर मरू द्यावेत.

९. माझ्यानंतर प्रेरणाची काळजी रत्नमाला घेईल. तिला साखरेचा त्रास आहे, आणि या कलमाचा मसुदा वाचून ती म्हणाली, “म्हणजे मी कधी मरणार तेही तुम्हीच ठरवा.” ठरवत नाही. पण आम्हा दोघांनंतर प्रेरणाचे पालक म्हणून रामेश्वर व शालू यांची नेमणूक व्हावी, अशी माझी इच्छा आहे. मुलगी सज्ञान असल्याने नुसतं मृत्युपत्रात लिहून भागत नाही, रीतसर अर्ज लागतो. तो तनुजाने तयार केला आहे. प्रेरणाला एकदम गावी नेऊ नये. आधी त्यांनी इथं येऊन राहावं, रविवारपुरतं, मग दोन दिवस, मग आठवडा. टाकी हलवायची ठरली तर ती तिच्याआधी गावी जावी, पाणी स्थिर व्हावं, दिवा लागावा, आणि मगच ती.

विचारल्याशिवाय लिहायचं नाही म्हणून मी रामेश्वरला मागच्या आठवड्यात बोलावलं आणि विचारलं. सरळ विचारणं मला जमलं नाही. मी कर्तव्य, उत्तरदायित्व वगैरे बरंच बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“तुझं आर्धं मला समजलं नाय दादा,” तो म्हणाला. “मला जमंल का, ते बी म्हाईत नाय. पर मी टावेल काढणार नाय.”

शालू म्हणाली, “आन् ह्यांनी काढला तर मी हायेच.”

मृत्युपत्राचं एवढं समर्थ कलम मला लिहिता आलं नसतं. म्हणून जसंच्या तसं उतरवलं आहे. परंतु रामेश्वर एक्कावन्न वर्षांचा आहे. त्याच्यानंतर कोण, हे कलम मी तीन वेळा लिहायला घेतलं. ते या मृत्युपत्रात नाही.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. तनुजा यांनी करावी. हे माझं पहिलं आणि, मंगळवार नीट गेला नाही तर, शेवटचं मृत्युपत्र. हे लिहिताना माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता. प्रेरणा शेजारी बसली होती.

स्थळ: मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) पुंजाराम मुंजाबा शिंगाडे

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली, आणि आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या.

साक्षीदार: १. (सही) सखाराम वाघमोडे
२. (सही) सोमनाथ जगधने

सहीच्या खाली लिहिलेलं मृत्युपत्रात धरत नाहीत, असं तनुजा म्हणते. म्हणून हे इथं लिहितो.

शस्त्रक्रियेची मला भीती वाटत नाही, असं मी घरात सांगितलं आहे. ते खरं नाही, पण तो मुद्दाही नाही. प्रेरणा मला दोन महिने रोज सांगत होती. मी तिचा बाप, एकाच घरात राहणारा, तिच्यासाठीच सगळं करत असलेला, आणि मला कळलं नाही. आमच्यानंतर तिला कुठं दुखलं, किंवा कोणी दुखवलं, तर ते कोणाला कळेल का, हे मला माहीत नाही. घर, पैसे, कागद सगळं झालं. याचं काय करायचं, ते मला सुचलेलं नाही.