चुकीच्या माणसाला लागलेला कोड

हिंगणा रोड, नागपूर
रविवार, दुपारचे तीन, कूलरसमोर

तीर्थरूप चंपतमामा,

तुमच्या पायांवर भाच्याचं, म्हणजे दुर्गेशचं, डोकं आहे असं समजावं. मामींचा गुडघा कसा आहे? गुंजन बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिला या उन्हात फिरू देऊ नका. आईची बीपीची गोळी सकाळची असते. तुमच्याकडे येऊन महिना झाला तरी ती "घेतली" म्हणेल, पण पाकिटातल्या गोळ्या मोजून पाहा. मी आणि तुमची सूनबाई मिनल, आम्ही दोघं इकडे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

फोनच केला असता. पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो, तोही ओसरीवर, आणि मला जे सांगायचं आहे ते तुमच्या-माझ्यातच राहायला पाहिजे. शेजारचे अंकुशभाऊ रोज तुमच्या मौद्याच्या पॉवर प्लांटला ड्युटीवर जातात, त्यांच्या हाती हे पाकीट देतो. एकटे असताना वाचा. वाचून झालं की फाडा.

आधी माझ्या नोकरीबद्दल, कारण तिच्याबद्दल तुम्ही मौदाभर काय सांगून ठेवलं आहे ते मला ठाऊक आहे. मामा, मी डॉक्टर नाही, कम्पाउंडरही नाही. (मागच्या खेपेला बसस्टँडवर एका गृहस्थाने पँट गुडघ्यापर्यंत वर करून मला खरूज दाखवली, ती तुमचीच कृपा.) अमेरिकेतले डॉक्टर पेशंटला तपासून जे लिहितात ते आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर येतं. आम्ही ते वाचून प्रत्येक आजाराला, प्रत्येक ऑपरेशनला ठरलेला नंबर लावतो. त्याला कोड म्हणतात, आणि त्यावर तिथली विमा कंपनी बिल पास करते. कोड चुकला की बिल परत. आमचा पहिला नियम असा, की डॉक्टरने लिहिलं नसेल तर ते झालंच नाही. अंदाजाने काही लावायचं नाही, शंका आली तर डॉक्टरला विचारायचं. सात वर्षं मी हा नियम इमानदारीने पाळला, पण फक्त अमेरिकेच्या लोकांसाठी.

आता मुद्द्याचा आजार. व्हेरिकोसिल त्याचं नाव, आय ८६.१ त्याचा कोड, आणि आजवर हजारेक वेळा मी तो लावला असेल. पुरुषाच्या अंडकोषातून रक्त वर परत नेणाऱ्या शिरा असतात. त्यांत बारीक झडपा असतात, रक्त मागे फिरू नये म्हणून. त्या सैल पडल्या की रक्त तिथंच साचतं आणि शिरा फुगतात. तुमच्या धानाच्या बांधीचं तोंड नीट बुजवलं नाही की पाणी मागे येऊन तुंबतं, तसंच. बहुतेक वेळा डावीकडे होतं. देवाने तो भाग शरीराबाहेर ठेवला तो थंड राहावा म्हणून. रक्त साचलं की तिथं ऊब वाढते आणि बीज कमजोर होऊ शकतं. शंभरात पंधराएक पुरुषांना हे असतं, कित्येकांना त्रास नसतो आणि पोरंबाळंही होतात. मला संध्याकाळी तिथं जड जड दुखायचं. मी दोष खड्ड्यांना दिला, मग मोटारसायकलच्या सीटला दिला, आणि शेवटी नवी सीट बसवून आणली.

इकडे मूल होत नाही म्हणून मिनलच्या तपासण्या चार वर्षं चालू होत्या. सारं चांगलं आलं, तरी पुन्हा तपासण्या. शेवटी रामदासपेठेतल्या डॉक्टर मॅडमनी तिची फाइल बाजूला सारली आणि मला विचारलं, तुमचे रिपोर्ट कुठे आहेत? मामा, मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कोणाला विचारतात की काय म्हणून. मग माझी तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर तोच शब्द होता. शब्द ओळखीचा, आणि वर नाव माझं.

ऑपरेशन येत्या शुक्रवारी ठरलं. दवाखान्यात विम्याच्या काउंटरवर करिष्मा नावाची मुलगी फॉर्म भरत होती, तिने चुकून हायड्रोसिल निवडलं. ते वेगळं, त्यात पाणी साचतं. ज्या गोष्टीबद्दल मी घरात कुजबुजतही नव्हतो, तिच्यावर मी तिथे अर्धा तास भाषण दिलं. बाजू कोणती, ग्रेड कितवी, रिपोर्टचं पान कोणतं, सारं मोठ्यानं. मागची रांग कान देऊन ऐकत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उठून मला आपली खुर्ची दिली. करिष्माने कोड बदलला, सॉरी म्हणाली. मी लढाई जिंकल्यासारखं वळून पाहिलं तर मिनल बाकावर तोंडाला ओढणी लावून हसत होती. कितीतरी महिन्यांनी हसली.

खाली पार्किंगमध्ये मात्र ती हसत नव्हती. म्हणाली, "तुमच्या कागदावर एक चुकीचं नाव लागलं तं तुम्ही अर्धा घंटा भांडले. माझ्यावर चार वर्षांपासून चुकीचं नाव लागून राहिलं, तेव्हा काहून नाही भांडले?"

मी गाडीची किल्ली शोधत राहिलो. ती हातातच होती.

मामा, तुमच्याच घरी गुंजनचं डोहाळजेवण झालं तो दिवस आठवतो? गुंजनची हिरवी साडी मिनलने चार दुकानं फिरून आणली होती. ओटी भरायच्या वेळी आईने तिला पुऱ्यांकडे बघायला आत पाठवलं. तुम्ही मला विचारलं, "काहून गा, सूनबाई दिसून नाही राहिली?" आणि मी म्हणालो, तिचं डोकं दुखतं. डोकेदुखीचाही कोड असतो, मला तोंडपाठ आहे. कोणत्याही डॉक्टरने लिहिलं नसताना तो मीच तिला लावला. 'वांझ' हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारत नाही, तेवढे सभ्य आहोत आपण. फक्त ओटी भरताना तिला हाक मारत नाही. सोळा सोमवार झाले, दोन वैद्यांचे काढे झाले (दुसऱ्याने तिला रोज उलटी व्हायची, तरी ती नाक दाबून प्यायची). येत्या गुरुवारी आई तिला तिसऱ्या वैद्याकडे नेणार आहे. आई वाईट नाही. तिला कोणी खरं सांगितलंच नाही, आणि ज्याने सांगायचं तो मी. मला लाज वाटते मामा, आजाराची नाही, या गप्प बसण्याची.

ऑपरेशनने मूल होईलच असं डॉक्टर मॅडम म्हणत नाहीत. काही महिन्यांनी पुन्हा तपासू, म्हणाल्या. होवो न होवो, मिनलच्या नावावरचं खोडलं गेलं पाहिजे. पण हे सारं आपल्या दोघांत. मौद्यात एका कानाला कळता कामा नये.

मामींना नमस्कार.

तुमचा,
दुर्गेश

ता. क. – आंब्याचं लोणचं झालं असेल तर एक बरणी अंकुशभाऊंच्या हाती पाठवा.

ता. क. २ – पत्र फाडू नका. खरं सांगतो, चाळीस वर्षांत तुमच्या पोटात एकही गोष्ट राहिलेली नाही (बारावीत मी नापास झालो हे मला मौद्याच्या न्हाव्याने सांगितलं). म्हणून तर तुम्हाला लिहिलं. आईला सांगायची माझी हिंमत नाही. गुरुवारच्या आत हे तिच्या कानावर जाऊ द्या. कोणाला सांगू नका असं वर लिहिलं, ते तुम्हाला हुरूप यावा म्हणून.

ता. क. ३ – पाकीट चिकटवायच्या आधी मिनलने पत्र वाचलं. दुसरा ताजा कलम पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाली, "हेही मामांच्याच हातून खोडणार का?" तेव्हा बुधवारी सकाळी आम्ही दोघं मौद्याला येतो. आईशी मीच बोलेन, मामींसमोर, गुंजनसमोर, ओसरीवर बसून. तुम्ही फक्त माझ्या बाजूला बसा. आणि मामा, पाया पडतो, जन्मात एकदाच एवढं करा. बुधवारपर्यंत हे पोटात ठेवा.