साडेआठची बस आणि माझी तत्त्वं

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळ.
आजपासून सरकारला जाब विचारणार. ठरलं. मी रिटायर झालोय, म्हणजे मोकळा. आणि सरकारही आता जवळ आलंय. पूर्वी बस, दवाखाना, रस्त्यावरचे दिवे, कशाचीही तक्रार राजधानीत जायची आणि तिथेच मरायची. आता हा सगळा कारभार प्रांतसभेला मिळालाय, आणि प्रांतसभा आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर. आयुष्य ऑडिटमध्ये काढलेला माणूस शेजारी राहतो हे त्यांना अजून कळलेलं नाही. कळेल.

निमित्त: हॉस्पिटलहून आमच्या वस्तीकडे येणारी रात्री साडेआठची बस त्यांनी कालपासून बंद केली. आमची ही त्याच बसने येते. हॉस्पिटलात नर्स आहे, सेकंड शिफ्ट. काल पायी आली. चपला काढता काढता म्हणाली, पाऊण तास लागला, पुलाखाली मिट्ट काळोख, कुत्री अंगावर येतात. मी म्हटलं, काळजी करू नकोस, प्रकरण मी हातात घेतलंय. त्यावर म्हणाली, स्कूटर हातात घेतलीत तरी चालेल.

थकली तरी विनोद सुचतात. चांगलं लक्षण आहे.

त्याच दिवशी, रात्र.
स्कूटरचा विचार केला. नाही जमायचं. आळस नव्हे, तत्त्व. मी हिला आणायला गेलो की सरकार म्हणणार, बघा, यांची घरची सोय आहे, बस हवी कशाला? हिला नीट समजावलं. तू चालत येतेस हाच आपला पुरावा. आणायला आलो तर पुरावा कमजोर पडेल. हिने दिवा मालवला. पटलं असावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
स्थानिक सेवा व समानता दक्षता मंच स्थापन. अध्यक्ष मी. सदस्य समोरचा टेलर आणि वरच्या मजल्यावरचे ड्रॉइंग मास्तर. टेलर म्हणाला, समानता म्हणताय तर एखादी बाई नको का? अगदी मान्य. पण बैठक साडेसातला, आणि त्या बसच्या बायका तेव्हा ड्यूटीवर. वेळ पुढे ढकलावी तर मास्तरांना साडेआठला जेवण लागतं. समानतेत मास्तरही आलेच. शेवटी ठराव केला की महिलांचं प्रतिनिधित्व तूर्त मी करावं. एकमताने मंजूर.

चहा मी स्वतः केला, याची नोंद असावी. कप हिने आल्यावर धुतले.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
प्रांतसभेच्या ऑफिसात धडक. तक्रार खिडकीवर एक चष्मेवाला क्लार्क. म्हणाला, बस आमच्याकडे, पण थांबा नगरपालिकेकडे, पुलाखालचे दिवे पुलाच्या खात्याकडे. मी विचारलं, आणि कुत्री? म्हणाला, कुत्री राजधानीने अजून आमच्याकडे सोपवलेली नाहीत. मी त्याला असा धारेवर धरला की तो उठून आतच गेला. साहेबांना बोलवायला गेला असणार म्हणून थांबलो. बराच वेळ थांबलो. डबा खायला गेला होता.

तरी ऑफिसात खळबळ माजली हे नक्की. शिपाई माझ्याकडे दोनदा वळून बघत होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार.
समानता खात्याकडेही तक्रार केली होती, त्याचं उत्तर आलं. सदर बस स्त्रिया व पुरुष या दोघांसाठीही सारखीच बंद करण्यात आली आहे, सबब विषमता आढळून येत नाही. मसुदा काय बांधलाय! ऑडिटर म्हणून मनातल्या मनात दाद दिली. मग संताप आला. त्या बसमध्ये नर्सा, आया, स्वयंपाकघरातल्या, धुलाईतल्या, सगळ्या बायकाच. पुरुष म्हणाल तर ड्रायव्हर.

प्रत्युत्तर लिहायला घेतलं. बावीस पानं होतील. हिने दिलेल्या हकिकतीतून कुत्री मात्र काढली. अतिशयोक्ती वाटते.

रात्री मुलीचा फोन. बाबा, आईला आणायला जा ना. तिलाही पुराव्याचं समजावलं. म्हणाली, बाबा, आई म्हणजे पुरावा नाहीये. आणि फोन ठेवला. या पिढीला प्रोसिजरचं भान म्हणून नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार.
वाईट झालं. हॉस्पिटलच्या धुलाईतल्या मावशी हिच्याबरोबर चालत येतात. आज रात्री पुलाखाली कुत्रं मागे लागलं, त्या धावल्या, खड्डा दिसला नाही. मनगट मोडलं. ही त्यांचा हात स्कार्फमध्ये बांधून पुन्हा हॉस्पिटलात घेऊन गेली. घरी आली तेव्हा हिच्याच गुडघ्यातून रक्त येत होतं.

मला फार लागलं मनाला. खरंच लागलं. पण त्याच वेळी वाटलं की आता प्रकरणाला वजन आलं, आणि ते मी बोलून गेलो. बोलायला नको होतं. ही माझ्याकडे बघत राहिली, मग आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

उद्यापासून आणायला जायचं. पुरावा गेला खड्ड्यात. मसुद्यात कुत्री परत घातली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
आठला हेल्मेट घालून निघालो होतो. साक्षीला टेलर आहे. तोच बातमी घेऊन आला: प्रांतसभेची देखरेख समिती बसबद्दल जनसुनावणी घेणार, आणि मंचाला पंधरा मिनिटं मिळालीत. आता इतकं मोठं काम समोर आल्यावर माणूस काय करणार? हेल्मेट घातलेलंच होतं, तसाच भाषण लिहायला बसलो. मान वर केली तर ही दारात.

हेल्मेटकडे पाहिलं. हात पुढे केला आणि स्कूटरची किल्ली मागितली. मी विचारलं, तुला येते? म्हणाली, लग्नाआधी मीच चालवायचे, तुम्ही मागे बसायचात.

हे साफ विसरलो होतो.

१ डिसेंबर, सोमवार.
स्कूटर आता हिच्याकडे. येताना, प्लास्टरसकट कामावर येणाऱ्या मावशींना मागे बसवून त्यांच्या दारात सोडते. बाकीच्या बायका अजून चालतच येतात, त्यामुळे पुरावा अगदीच संपलेला नाही. हिच्यापुढे मात्र शब्द काढला नाही. भाषण तोंडपाठ.

४ डिसेंबर, गुरुवार.
सुनावणी. हॉल भरलेला. समोर समितीच्या अध्यक्षबाई, बाजूला वाहतूकमंत्री. मी प्रांताला अधिकार कसे मिळाले इथून सुरुवात केली. बसपर्यंत पोचतोय तोच घंटा झाली. अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमच्या घरचं कोणी या बसने येतं का? मी मान ताठ करून सांगितलं, माझी पत्नी, कित्येक दिवस पायी आली. त्यांनी विचारलं, घरी वाहन नाही? म्हटलं, स्कूटर आहे, पण मी ती तत्त्व म्हणून वापरली नाही.

हॉलमध्ये जे झालं ते मला आधी टाळ्या वाटल्या. हसत होते.

तेवढ्यात मागच्या रांगेतून ही उठली. येणार असल्याचं मला सांगितलंही नव्हतं. सोबत प्लास्टरमधल्या मावशी, शिवाय बसच्या पंधरावीस बायका, रजा टाकून आलेल्या. हिने भाषण केलंच नाही. मंत्र्यांना म्हणाली, साहेब, आज साडेआठला आमच्याबरोबर पुलाखालून चालत या, उत्तर तिथेच द्या. मंत्र्यांना दुसरा कार्यक्रम आठवला. अध्यक्षबाई म्हणाल्या, मी येते, आणि साहेबही येतील.

गेले सगळे. मी चहापानाला थांबलो. मंचाची बाजू ऐकायला पत्रकार येतील असा अंदाज होता. बिस्किटं बरी होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार.
विजय! बस सोमवारपासून सुरू. पुलाखाली दिवे. टेलर म्हणतो, मंत्र्यांच्या पँटचा पाय कुत्र्याने धरला म्हणून झालं. पँट त्याच्याकडेच रफूला आलीय म्हणतो. मी हसून सोडून दिलं. सरकार बावीस पानांनी हलतं, पँटने नव्हे. शिवाय आदेशात माझं एक वाक्य जसंच्या तसं उतरलंय: बस कोणासाठीही, कोणत्याही कारणास्तव, एक मिनिटही थांबवू नये. पान सतरा.

प्रवाशांच्या वतीने समितीवर एक सदस्य घेतलाय. ही. माझं मार्गदर्शन लागेलच. अजून मागितलेलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. रात्र.
पहिल्या बसला दोन शब्द बोलावेत म्हणून टेलरच्या गाडीवरून हॉस्पिटलला गेलो. तो मला सोडून परतला. बस आली, बायका चढल्या. ही आज मुद्दाम बसने निघालेली, खिडकीशी बसली, शेजारी मावशी. मी फुटपाथवर उभा राहून सुरुवात केली. ही आतून हात हलवत होती. मला वाटलं, कौतुक चाललंय. चढा, म्हणत होती. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं आणि बस सुटली. मी ओरडलो, दोन मिनिटं! तो म्हणाला, ऑर्डर आहे.

चालत निघालो. पुलाखाली दिव्यांचे खांब नवे कोरे उभे आहेत. वीज दुसऱ्या खात्याकडे. मिट्ट काळोख म्हणजे खरोखर मिट्ट. कुत्री चार. अतिशयोक्ती अजिबात नाही. एका दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहिलो, आणि ही हे रोज कशी करत होती ते पहिल्यांदा मनात आलं. आधी यायला हवं होतं.

घरी फोन लावला. ही पोचली होती. म्हटलं, स्कूटर घेऊन ये ना जरा. मग म्हणाली, अहो, दिव्यांचं प्रकरण अजून चालू आहे. आणायला आले तर पुरावा कमजोर पडेल.

आणि फोन ठेवला.

मुद्दा बिनतोड आहे. माझाच आहे.